कोलेस्टेरॉल कमी झालं, माये

माये, तुझ्या वेळी रक्तातली चरबी कोणी मोजत नव्हतं. भातावर जवसाचं तेल ओतताना तुझा हात कधी आखडला नाही, आणि मी ताट बाजूला सारलं की तू ओरडायचीस, "काऊन उपाशी राहून राहिली? खाशीन त रोवणीत कंबर टिकन!" ते तेल आता मी घरात आणत नाही. गेल्या साली गोंदियाच्या दवाखान्यात कोलेस्टेरॉल जास्त निघालं, तेव्हापासून मी अशी घाबरले की विचारू नकोस. तुझा नातू नागपूरहून फोनवर म्हणाला, "आई, तळलेलं जरा कमी कर." मी जरा कशाला करते? तेल गेलं, अंडं गेलं, दूध गेलं, शेंगदाण्याची चटणीसुद्धा गेली. जन्मभर अंगणवाडीत लोकांच्या लेकरांना अंडी सोलून खाऊ घातली, आणि स्वतः पेजेवर राहिले. एक घास जास्त गेला तर छातीत काहीतरी बंद पडेल, असंच वाटायचं.

परवा परत तपासलं. आकडा इतका खाली आला की पोरगा फोनवर ओरडलाच, "कमाल केलीस आई!" पण डॉक्टरीणबाई हसली नाही. माझा दंड चाचपून म्हणाली, "आंटी, हाथ बाँध के कुर्सी से उठो." मी हात बांधले. उठता येईना. पुन्हा जोर केला, तर मांड्या लटलट कापल्या आणि मी खुर्चीतच आदळले. "खाना क्यों छोड़ा?" ती चिडलीच. "चरबीच्या नादात अंगातली ताकद घालवलीत. या वयात एवढं रोडावणं बरं नाही. घरी कोण आहे?" मी म्हटलं, सगळे आहेत. खरं सांगितलं असतं तर तिनं पोराला बोलावलं असतं, आणि त्यानं मला नागपुरात चौथ्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं.

तेव्हापासून मला ती धानाच्या शेतातली बांधी दिसते गं. रोवणीचा शेवटचा दिवस आहे. लावायच्या कोवळ्या पऱ्ह्यांची पेंडी हातात घेऊन तू चिखलात बसतेस ती बसतेसच. दोघी बाया बगलेत हात घालून तुला ओढतात आणि तू हसतेस, "चिखलानं धरलं वं माय मले!" सगळ्या हसतात, मीही हसते. त्यानंतर तू शेतात आली नाहीस. हिवाळ्यात मोरीपर्यंत भिंत धरून जायचीस, मग बसल्या बसल्या सरकायला लागलीस, आणि आंबे उतरायच्या आत गेलीस. तुला निदान हात द्यायला मी होते.

डॉक्टरीण म्हणते, नीट खा, रोज खुर्ची धरून उठबस करा, ताकद परत येते. येईलही. काल वरणावर चमचाभर तूप घेतलं, तर भीतीनं घास तोंडातच फिरायला लागला. खाल्लं तरी भीती, नाही खाल्लं तरी भीती. जावं तरी कुठं?

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुला सांगते. लिहायला सवयीनं चटईवर बसले, आणि मघापासून मला उठता आलेलं नाही. वर फळीवर फोन वाजून थांबला, पोराचाच असेल. शेजारीण कुंपणापलीकडे तांदूळ पाखडते आहे, सुपाचा आवाज येतो. एक हाक मारली की धावत येईल. पण मग संध्याकाळच्या आत गावभर होईल आणि पोराच्या कानावर जाईल. तिचं पाखडणं संपत आलंय, माये, आणि मी अजून हाक मारलेली नाही.