एकेक पडलं तर बाई

२ फेब्रुवारी, सोमवार

शी! शिक्षकांच्या खोलीतल्या बेसिनमध्ये पुन्हा कोणीतरी चहाचा चोथा ओतला. पिवळं पाणी तुंबलंय, वर कुणाचा तरी केस तरंगतोय. आणि त्याच बेसिनला टेकून मोठ्या बाई गोड आवाजात सांगतात — "एक आनंदाची बातमी आहे!" आमच्या मुख्याध्यापिका आनंदाची बातमी म्हणाल्या की समजावं, कुणाची तरी मान कापली जाणार.

बातमी अशी. खाणीच्या वसाहतीत आमच्या शाळेची नवी शाखा निघालीय. इथून एक शिक्षक पाठवायचा. तीन वर्षं. बसने सहा तास, घरी यायचं महिन्यातून एकदा. यादीत नावं तीन — खेळाचे सर, चित्रकलेच्या बाई आणि मी. त्यातलं एक मोठ्या बाईंनी तेरा तारखेपर्यंत कळवायचं आहे. पण त्यांना वाईटपणा नको! "तुम्ही तिघं आपसात बघून घ्या ना." हात झटकायचे आणि वर दात दाखवायचे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आपसात बघितलं. जायला कोण तयार होणार! खेळाच्या सरांनी गुडघा पुढे केला. या माणसाला मी मनात शिट्टी म्हणतो. गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढत नाही, तिला उष्टं लागतं, मग तीच मैदानावर तोंडात घालतो. ईऽऽ! मी बायकोची नोकरी पुढे केली. खरं कारण वेगळंच. दहा जणांत एक संडास ही कल्पनाच मला सहन होत नाही. पण हे काय मोठ्या बाईंना सांगायचं?

चित्रकलेच्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सांगायची गरजच नाही, सगळ्यांना माहीत आहे. नवरा वारला. घरी सासरे, त्यांना काही आठवत नाही. दार उघडं राहिलं की अनवाणी चालू लागतात. मागे एकदा तीन गल्ल्या पलीकडे सापडले होते. बाई शाळेत असतात तोवर शेजारीण लक्ष ठेवते. तिकडे खाणीत कोण ठेवणार? आम्हा दोघांत थोडी माणुसकी असती तर त्यांचं नाव तिथल्या तिथे काढलं असतं. मूग गिळून बसलो दोघंही.

४ फेब्रुवारी, बुधवार

शिट्टीने तोडगा काढला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "नाणेफेक करू. माणसं तीन, तर नाणी दोन घेऊ. दोन्ही छापे पडले तर मी जातो. दोन्ही काटे पडले तर गणिताचे सर. एकेक पडलं तर बाई. तीन माणसं, तीन निकाल. भांडण मिटलं!"

मोठ्या बाईंना तर हर्षवायूच. "वा, किती सोपं!" मग माझ्याकडे वळून — "काय हो गणिताचे सर, बरोबर आहे ना?"

बरोबर कुठलं, डोंबल! दोन नाणी चार तऱ्हांनी पडतात. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. मधल्या दोन्ही तऱ्हा म्हणजे 'एकेक'. म्हणजे शिट्टीचा धोका पाव, माझा पाव, आणि बाईंचा चक्क निम्मा. पहिल्या क्षणाला कळलं मला. पंधरा वर्षं हेच शिकवतोय, घास चावता चावता सांगेन.

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "हो, बरोबर आहे."

चहा गार होता. वर साय धरली होती, ती ओठाला चिकटली. अजून तोंडात तीच चव आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नववी ब चे चाचणीचे पेपर तपासले. प्रश्न चौथा — दोन नाणी एकदम फेकली, एक छापा व एक काटा पडण्याची संभाव्यता किती? अकरा जणांनी एक तृतीयांश लिहिलंय. अकरा जणांना भोपळा दिला. एकाच्या पेपरावर मी लाल शाईने लिहिलंय — "डोकं वापर!" दोनदा अधोरेखित करून!

कुणाला शिकवतोय मी हे?

संध्याकाळी हिशेब केला. तिघांना सारखी संधी द्यायची तर प्रत्येकाला एक तृतीयांश. म्हणजे मी खरं बोललो तर माझा धोका पाववरून एक तृतीयांश होतो. फरक किती? एक बारांश. एवढ्याशा बारांशासाठी मी त्या बाईला निम्म्यात ढकललं. माझा मलाच वीट आला. उद्या सकाळी सांगतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत फेक झाली. मोठ्या बाईंनी हात पुसायच्या कळकट फडक्यावर नाणी टाकली. म्हणे आवाज नको, मुलं बघतील. एक काटा. दुसरं नाणं घरंगळत टेबलाखाली गेलं. शिट्टी गुडघा विसरून टुणकन खाली वाकला!

काटा.

मी. पाव होता ना धोका? पाव! शंभरातली पंचवीस! शिट्टीने पाठ थोपटली, त्याचा हात घामेजलेला होता. बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. त्यांचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिला सांगितलं. ही रडली. मग म्हणाली, "तिकडे संडास कसे आहेत विचारलंत का?" ओळखून आहे मला.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी चाळीस वेळा दोन नाणी फेकली. एकेक एकवीस वेळा. दोन्ही छापे दहा, दोन्ही काटे नऊ. तक्ता केला, पट्टीने रेघा मारल्या, अक्षर सुवाच्य काढलं. बाईंच्या रकान्याला तांबडी चौकट.

कशासाठी करतोय हे मला चांगलं ठाऊक आहे. लिहायची लाज वाटते.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेलो मोठ्या बाईंकडे. सगळ्यांना बोलावून घेतलं, तक्ता टेबलावर पसरला. काय बोललो मी! "चित्रकलेच्या बाईंवर अन्याय झाला आहे. त्यांना दुप्पट धोक्यात उभं केलं गेलं. पद्धतच सदोष, म्हणून निकाल रद्द समजावा. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही, मी त्यांची माफी मागतो." नाकाने कांदे सोलावेत ते माझ्याकडून शिकावं. आवाज कापरासुद्धा झाला होता. मी मुद्दाम केला नव्हता, पण झाला!

शिट्टी अडाणी आहे, बिनडोक नाही. म्हणाला, "पण बाई तर सुटल्या ना सर? मग अन्याय कुणावर?"

मी म्हणालो, "प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्वाचा! थू!

मोठ्या बाई हळव्या झाल्या. "बघा, सहकारी असावा तर असा." मग बाईंना विचारलं, "तुम्ही सुटला आहात. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे." मी जमिनीकडे बघत होतो. बाईंनी तक्ता हातात घेतला, सावकाश वाचला. म्हणाल्या, "सरांचं गणित बरोबर आहे. पुन्हा करू."

आभाराचा एक शब्द नाही. त्याचंही मला वाईट वाटलं! निर्लज्जपणाला काही सीमा?

१० फेब्रुवारी, मंगळवार

या वेळी पद्धत माझी. एक नाणं मोठं, एक लहान. दोन्ही छापे — शिट्टी. दोन्ही काटे — मी. मोठं छापा, लहान काटा — बाई. उलट पडलं तर फेक बाद, पुन्हा. तिघांना अगदी सारखी संधी. कुणीही तपासून घ्यावं.

पहिली फेक — मोठं काटा, लहान छापा. बाद. माझ्या बगला भिजल्या, स्वतःचाच वास येत होता.

दुसरी — मोठं छापा. लहान काटा.

बाई म्हणाल्या, "आता सातवीचा तास आहे," आणि रंगांचा डबा उचलून गेल्या. मोठ्या बाईंनी फडकं झटकून खिळ्याला अडकवलं.

आणि मला काय वाटलं? भूक लागली. कडाडून. डबा चाटूनपुसून खाल्ला.

११ फेब्रुवारी, बुधवार

शिक्षकांच्या खोलीत माझं कौतुक चाललंय. "स्वतःची चूक कबूल करून बाईंसाठी उभे राहिले." प्रयोगशाळेच्या मदतनिसाने न मागता माझा कप विसळून दिला. मी घेतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिने विचारलं, "दुसऱ्या वेळीही दोन्ही काटेच पडले असते, तर तिसरी फेक मागितली असतीत?" ताटातून मान वर न करता म्हणालो, "गप बस."

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना बसपर्यंत सोडायला गेलो. इतर कुणी आलं नाही, मलाच उमाळा! सासरे खिडकीपाशी, बाईंच्या ओढणीचं टोक त्यांच्या मनगटाला बांधलेलं. सामान वर चढवून दिलं. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "ती पहिली फेक… वेळेवर लक्षात यायला हवं होतं माझ्या."

बाई म्हणाल्या, "माझ्या आलं होतं. बुधवारीच. निम्मं माझ्यावर होतं ना? मी तुमच्याकडे बघत बसले होते. म्हटलं, गणिताचे सर आहेत, आता बोलतील, मग बोलतील."

म्हणालो, "मग सोमवारी… सुटला होतात तुम्ही! पुन्हा करू असं का म्हणालात?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, पहिली चुकीची होती ना, सर."

बस गेली. घरी आलो. ही म्हणाली, "काय म्हणाल्या बाई?"

म्हटलं, "आभार मानत होत्या."