साडूच्या मातीतलं नत्र

४ मार्च
आजपासून साडूच्या शेताकडे बघायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

४ मार्च, दुपारी
बघितलं. हरभरा घाट्यांनी लगडलाय. सासऱ्यांनी दोघा जावयांना जमीन कसायला दिली ती एकाच दिवशी, मध्ये फक्त एक बांध. पाणी दोघांनाही आभाळाचंच. तरी त्याचं तसं आणि माझं हे असं. मी थोरला जावई आहे, हे जमिनीला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

१९ मार्च
सासऱ्यांकडे जेवण. साडूचं भाषण. ज्वारीवर ज्वारी घेतली की मातीतलं नत्र संपतं, म्हणून तो एक वर्ष ज्वारी घेतो, एक वर्ष हरभरा. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात म्हणे, त्या हवेतलं नत्र धरून ठेवतात. मेहुणीने त्याला न मागता वाढलं. मला विचारलंसुद्धा नाही.
गाठींचं मलाही माहीत होतं. विषय निघाला नव्हता, इतकंच. मी पाच वर्षं ज्वारीच घेतोय. याला निष्ठा म्हणतात.

२ एप्रिल
धसकटं जाळली. शेत कसं स्वच्छ दिसतंय. साडू काडीकचरा रानातच कुजू देतो. दाढी वाढलेल्या माणसासारखं दिसतं त्याचं शेत. तरी लोक सल्ला विचारायला त्याच्याकडेच जातात. जळफळाट होतो. माझा नाही, कोणाचाही होईल.

११ एप्रिल
मोठी बातमी. विहिरीलगतचा तुकडा सासरे दोघांपैकी एकाला कायमचा देणार. गुडघ्यांमुळे त्यांना शेतात येववत नाही, म्हणून म्हणाले, "दोघं माती तपासून आणा, मग ठरवतो." घरी आल्यावर बायको चूल पेटवायला बसली. मग म्हणाली, तो तुकडा मिळाला तर थोडं तरी पाण्याखाली येईल, दर वर्षी आभाळाकडे बघत जीव टांगणीला लागतो, तो थांबेल. मी म्हटलं, मिळालाच समज.

१४ एप्रिल
प्लॅन: आठवड्याभरात मातीतलं नत्र वाढवायचं. खताच्या दुकानदाराला उपाय विचारला. हसला. आता त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.

१७ एप्रिल
साडूला म्हटलं, तुझं सॅम्पल मीच पोचवतो लॅबला, तुला कशाला हेलपाटा. त्याने पिशवी दिली, वर आभार मानले. लॅबच्या पायरीवर दोन्ही पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.
ही लबाडी नाही. नत्र काही बांध बघून थांबत नाही. त्याच्याकडे जे आहे ते माझ्याकडूनच झिरपलेलं असणार. मी फक्त परत घेतलं.

६ मे
रिपोर्ट आले. सासरे म्हणाले, तुकड्याचं पोळ्यानंतर ठरवू. माझा: नत्र भरपूर, खताची गरज नाही. त्याचा: नत्र अत्यंत कमी. साडूचं तोंड एवढंसं झालं. मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, चालायचंच. फार दिवसांनी गाढ झोप लागली.

१० मे
रिपोर्ट पुन्हा वाचला. शेवटी मेहनतीचं चीज होतंच. हाताला यश असावं लागतं.

२० जून
ज्वारी पेरली. बायको म्हणाली, खत आणा. तिला रिपोर्ट दाखवला. लॅबवाले काय वेडे आहेत?
साडू रिपोर्टने हादरलाय. शेणखताच्या गाड्यांवर गाड्या टाकतोय, यंदा ज्वारीच्या ओळींमध्ये तूरही लावलीय. बघून मजा वाटते.

२५ जुलै
माझी ज्वारी पिवळसर. सोनेरी म्हटलं तरी चालेल.

१३ ऑगस्ट
त्याची खांद्याला, माझी गुडघ्याला. ठेंगणं पीक वाऱ्याने आडवं होत नाही. त्याचं होईल. व्हावं.

३० ऑगस्ट
जोराचा वारा. त्याचं पीक उभं आहे.

७ सप्टेंबर
सासऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. दोन्ही रिपोर्ट त्यांच्या मांडीवर होते. म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मातीला देवाने काही कमी ठेवलेलं नाही. धाकट्यांच्या मातीत काहीच नाही, तरी बिचारे राबताहेत. विहिरीचा तुकडा त्यांना."
खरी कंगाल माती माझी आहे, असं सांगायचं तर चिठ्ठ्यांचंही सांगावं लागलं असतं. बायको खाली बघत होती.
साडूला भरून आलं. एवढं नत्र कसं टिकवलं ते मला शिकवा, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. सासऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की वर्षभर रोज सकाळी मी त्या तुकड्यावर जाऊन त्याला मार्गदर्शन करायचं.

८ सप्टेंबर, सकाळी
डोकं दुखतंय म्हणून पडून राहायचा विचार होता. बायकोने चहा आणून ठेवला. त्या दिवशी लॅबला पिशव्या कोणी नेल्या होत्या, एवढंच विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही.
मग म्हणाली, "जा. तिथे काही शिकवू नका. ते काय करतात ते नीट बघा आणि येऊन मला सांगा. पुढच्या वर्षी आपलं शेत मी पेरणार आहे."
चहा गार झाला होता. तसाच प्यालो आणि निघालो.