मापापुरती माणसं

बाबा, तुमचं ते जुन्या युरोपातलं फ्लेमिश निसर्गचित्र आता माझ्या नोएडातल्या फ्लॅटमध्ये आहे, जेवणाच्या टेबलाशेजारी, बसल्या बसल्या दिसेल इतकं खाली. तुम्हाला ते आवडलं नसतं. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुम्ही ते ऑफिसातल्या तसबिरींसारखं पार छताखाली टांगलं होतं, आणि रविवारी चार मराठी लोक जमले की त्यांना माना वर करायला लावून प्रवचन द्यायचात. निळे डोंगर, नदी, आभाळ. त्यापुढे माणूस म्हणजे किस झाड की पत्ती! छापील चित्र ते, बदली होऊन जाताना कुणीतरी तुमच्या गळ्यात मारलेलं. पण ऐट अशी, की चित्रकाराने तुम्हाला विचारूनच ब्रश उचलला असावा. जाणकार कसले? खालून तुम्हाला त्यातलं निम्मं दिसतही नव्हतं.

दिसायचं ते आईला. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून काच पुसणारी घरात ती एकटीच. एका रविवारी ती चहाचा ट्रे घेऊन उभी आहे आणि मध्येच म्हणते, "पुलावरची ती बाई मागे वळून बघतेय. तिचं कुणीतरी मागे राहिलंय वाटतं." तुम्ही पाहुण्यांकडे बघून हसता. "अगं, ती माणसं नुसती मापापुरती. डोंगर केवढा ते कळावं म्हणून. तू बिस्किटं आण." "बिल्कुल, साहेब," तुमच्या हाताखालचा एक जण म्हणतो आणि सगळे हसतात. आई बिस्किटं आणते. त्यानंतर पाहुण्यांसमोर ती चित्राबद्दल कधी बोलली नाही, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता नुसती कीव येते, तीही फार नाही.

परवा जेवताना आईने पुलाच्या अलीकडे बोट ठेवलं. झाडाखाली एक म्हातारा मोळी टेकवून बसलाय, माझ्या नखाएवढा. "दमलाय बिचारा. ती त्याच्यासाठी थांबलीय," ती म्हणाली.

"हे बाबांना कधी सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं?" असं म्हणून तिने मला आमटी वाढली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेच बरं. वाचून तुम्हाला फार आनंद झाला असता. कारण आईने बोट उचललं की मला तो म्हातारा पुन्हा सापडत नाही, आणि माझी नजर आधी डोंगरावरच जाते.