विहिरीच्या पाण्याचं अर्धं गाणं

हमरिया, मस्कत, १८ नोव्हेंबर २००६

चि. जेसन यास मार्था मावशीचे आशीर्वाद, या वेळी जरा मोजूनच.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तू तुमच्या हॉटेलच्या हिरवळीवर माइकवरून सांगितलंस की, आता जंगलातली एक लोप पावणारी जमात आपलं लग्नगीत सादर करील. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. जमात म्हणजे आम्हीच, इथल्या वसईकर बायका! वसईच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी त्यात पुढे. माझा चष्मा तू आधीच काढून ठेवला होतास. म्हणे अस्सल वाटत नाही.

तेही गिळलं. पण विहिरीच्या पाण्याची घागर नवरीच्या डोक्यावर चढली की गाणं पुरं झाल्याशिवाय उतरत नाही, हे वसईच्या पोराला सांगावं लागतं? पुढे बेली डान्स होता, म्हणून तू अर्ध्यावर हात हलवून खलास केलंस. आणि नवरी कोण? तुझी सख्खी बहीण लिनेट, जिचं जानेवारीत खरंच लग्न आहे. आता आमच्या बायका म्हणतात, ते पाण्याचं गाणं पुरं होईपर्यंत तिच्या मांडवात त्या तोंड उघडणार नाहीत. लिनेट चारचौघांत हसते आणि न्हाणीघरात जाऊन रडते.

जेवण आम्हाला भटारखान्याच्या दाराशी उभ्यानं मिळालं. बिर्याणी चांगली होती, हेही नोंदवते. फोनवर तू फार गोड बोलतोस, म्हणून लिहिलं.

तुझी,
लोप पावणारी मावशी

मस्कत, २० नोव्हेंबर २००६

ती. मावशीस नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून कान धरले. आमचे मॅनेजर युगांडाला जाऊन आले. तिथल्या बाट्वा लोकांना त्यांच्या जंगलातून बाहेर काढलं. आता ते पाहुण्यांसमोर नाचतात, गातात आणि त्यावर त्यांची घरं चालतात. साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, आपणही एखाद्या समाजाला असाच आधार देऊ. मला आपलाच समाज आठवला. माहितीचा कागद सोबत पाठवतो. निवेदन त्यातूनच घेतलं होतं.

पाहुणे खूश आहेत. दर शुक्रवारी या, असा निरोप आहे. गाण्याला दोन मिनिटं वाढवून मागतो. फक्त चष्म्याचं तेवढं बघ. आणि इझाबेल आंटीला समजाव ना, गाणाऱ्या सगळ्या तिचंच ऐकतात. लिनेट माझ्याशी बोलत नाही.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
जेसन

हमरिया, २२ नोव्हेंबर २००६

चि. जेसन यास आशीर्वाद.

तुझा कागद चष्मा लावून वाचला. तू पहिल्या दोन ओळींवर थांबलास, गाण्यासारखाच. पुढे लिहिलंय की काय दाखवायचं आणि काय नाही, हे तिथले बाट्वा स्वतः ठरवतात. पाहुणे त्यांच्याकडे चालत जातात. आणि बाबा, त्यांचं जंगल गेलं. आमचं काय गेलंय? फ्लॅटचं भाडं वाढलंय, एवढंच.

इझाबेलला समजवायला गेले. ती म्हणाली, आठवड्यातली एक सुट्टी दिली, वर जंगली म्हणवून घेतलं, आता समजूतही मीच घालून घेऊ? मी तिथल्या तिथे तिच्या बाजूची झाले. या शहाण्या मावशीला असं क्वचित होतं.

म्हणून आम्ही ठरवलंय. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, १ डिसेंबरला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर लिनेटच्या डोक्यावर घागर चढेल आणि शेवटच्या कडव्यापर्यंत राहील. साहेबांना आणि पाहुण्यांना घेऊन ये. निवेदन इझाबेल करील. प्रत्येकीचं नाव आणि गाव सांगून. जेवण सगळ्यांना बसून मिळेल, साहेबांनासुद्धा. मात्र त्यांना सांग, गच्चीवर चष्मा काढून यायचं. आमच्या डोळ्यांना ते तसे अस्सल वाटतील.

घागर तू भरून आणायचीस. भावाचा मान आहे, आणि लिफ्ट बंद आहे.

येतोस की नाही, हे सोमवारी, २७ तारखेला दुपारी बारापर्यंत लेखी कळव. फोन उचलणार नाही. उत्तर आलं नाही, तर जानेवारीत बहिणीच्या मांडवात पाण्याचं गाणं तू एकट्यानं म्हणायचंस, सगळी कडवी.

तुझी,
मार्था मावशी