तुझे खरबरीत हात

आई, आज सकाळी नातीला मी न्हाऊ घातलं. सुनेनं प्लॅस्टिकचा टब आणलाय, पाण्यात सोडायला पिवळं बदकही आहे. पण एवढ्याशा पोरीला टबात ठेवायचा मला धीर झाला नाही. मी पाटावर बसले, पाय लांब केले आणि तिला नडग्यांवर घेतलं. गुडघे कुरकुरले, पण पोरगी खुशीत होती. आणि मला तू हवी होतीस. इतकी, की पाणी ओतता ओतता मी दाराकडं बघितलं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, माझ्या बाळंतपणाला आलीस तेव्हा, तू मोरीत अशीच बसायचीस. घंगाळात आधी गार पाणी, मग बंबातलं कढत. मी एकदा उलटं केलं, तर हातातला तांब्या हिसकावून घेतलास. "आदी विसण, मग ऊन पाणी. चुकून पोराचा पाय आत पडला म्हंजी?" कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याला एवढा सुरेख शब्द, आता कुणी बोलत नाही. मी मास्तरीणबाई, बालसंगोपनाचं पुस्तक आणलं होतं. पाणी किती कोमट असावं ते वाचून दाखवायला लागले, तर तू कोपर पाण्यात बुडवून म्हणालीस, "पुस्तकाला कोपर हाय व्हय गं?" तरी त्यातलं एक तू ऐकलंस, नाकाकानात तेल घालायचं सोडलंस. कुरकुरलीस, पण सोडलंस. दार वाजलं तरी उठायची नाहीस. "थांबू दे पावण्याला. पोर पाण्यात आस्ताना उठायचं नस्तं." मानेखाली तुझा पंजा, आणि तोंडानं गावच्या गप्पा, म्हशीनं काय खाल्लं, कोण कुणाशी भांडलं. माझा लेक टकामका तुझ्याकडं बघत राहायचा.

मग एक दिवस त्याच्या गालावर ओरखडा दिसला. मी तुझ्या हातांकडं बघितलं. "तुझे हात खरबरीत आहेत, आई. त्याला लागतात." एरवी तुझ्याशी हाय-न्हाय बोलणारी मी, तेव्हा नेमकी शाळेतली भाषा बोलले. तू हात पदराखाली घेतलेस. "व्हय की. उसाचा पाला काढून काढून तसलंच झाल्यात. उद्यापासनं तूच घाल." दोन दिवसांनी म्हशीचं निमित्त सांगून कागलची एस.टी. धरलीस. त्याच आठवड्यात, दूध पिता पिता, त्यानं माझ्या देखत स्वतःचा गाल ओरबाडला. त्याचीच नखं होती. मी ती कापली आणि गप्प बसले. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पुरलं असतं.

रविवारी तू यायचीस, दुपारच्या गाडीनं, अंघोळ उरकल्यावर. त्याला दुपट्यात गुंडाळूनच मांडीवर घ्यायचीस, उघड्या अंगाला हात लावायची नाहीस. मला ते दिसत होतं. एकदा जाता जाता विचारलंस, "न्हाताना रडतंय का गं?" तू काय विचारत होतीस ते मला चांगलं कळलं होतं. मी हो म्हटलं असतं, तर तू पिशवी खाली ठेवून राहिली असतीस. "नाही गं, हसतो," मी म्हटलं. तू तळहात लुगड्याला पुसलेस. "बरं झालं," म्हणालीस आणि स्टँडवर गेलीस. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत तू गेलीस. तो आता बाप झालाय, आणि त्यातलं काहीच त्याला माहीत नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहवतंय. पुस्तक पाटाशेजारी उघडं ठेवून मी त्याला न्हाऊ घालायचे, आणि तो काळानिळा होईस्तोवर किंचाळायचा, आणि शेवटी आम्ही दोघंही भिजून रडत बसायचो. तुला बोलवायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

हसत न्हवता गं, आई. रोज रडत हुता.