हळदीच्या पाट्या

लामता, जिल्हा बालाघाट
८ सप्टेंबर १९६४

तीर्थरूप बाईस, धाकट्या शालिकरामचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वैद्याचं तेल तू लावत नसशील, हे मी इथे बसून सांगतो. चि. घनश्यामास आशीर्वाद आणि एक ताकीद: बेटा, मामाचं पत्र आईला वाचून दाखवताना मधला मजकूर गाळत जाऊ नकोस. मागच्या पाच पानांना तुझं उत्तर आलं, "पत्र मिळाले, इकडे सर्व खुशाल." माझ्या स्वयंपाकघरात साप निघाला होता, त्याची निदान चौकशी तरी करायची.

माझी प्रकृती ठीक आहे. (घनश्याम, इथे आवाज उतरवून वाचू नकोस, ठीक म्हणजे ठीकच.) सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पुरतो, एकट्या माणसाला लागतं किती. शेजारी भले आहेत, पण सगळा व्यवहार हिंदीत. दिवसभर हिंदी बोललं की परक्या घरी जेवल्यासारखं वाटतं, पोट भरतं पण पाय पसरता येत नाहीत. आपली बोली कानावर पडते ती फक्त शाळेतल्या माझ्या मराठी वर्गात, नऊ पोरांच्या तोंडून. माझी बायको गेली तेव्हा, पुष्पलताच्या तेराव्याला, तू मला विचारलं होतंस, "काहून राह्यतं तिकडे एकटा? तुह्यं काय हाय तिथं?" त्याचं उत्तर आज देतो. ही नऊ पोरं आहेत, बाई. आणि जुलैत वरून कागद आला की पोरांना वाचता येत नसेल तर मराठी वर्ग बंद करून त्यांना हिंदीत बसवा.

मग मी बालाघाटला शिबिरात शिकलेली नवी रीत काढली. अक्षरं घोटवायची नाहीत, अख्खा शब्द पाटीवर दाखवायचा. रोज दिसला की पोर तो नजरेनेच ओळखतं. पाट्यांना जाड कागद हवा, तो शाळेत कुठला? (शाळेत खडू मिळाला तरी आम्ही तो कुलपात ठेवतो.) तेव्हा पुष्पलताची ट्रंक आठवली. मास्तर म्हणून आसपासच्या प्रत्येक लग्नाची पत्रिका आमच्याकडे यायची, आणि हिने वीस वर्षांतली एकही टाकली नव्हती. दोन दिवस त्या कापवेनात. तिसऱ्या दिवशी कातरी घेतली आणि कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले: आई, पाणी, भात, घर, बैल, अशा चाळीस पाट्या झाल्या.

बाई, महिन्याभरात पोरं चाळीसही शब्द धडाधड वाचू लागली. पाटी वर केली की उत्तर तयार. मी बाजारातून जरा छाती काढून चालू लागलो. भाजीवाल्या मैनाबाईला, तिने विचारलं नसताना, दोनदा सांगितलं.

मागच्या मंगळवारी शाळा तपासायला साहेब आले. भला माणूस, पण पक्का. म्हणाले, पाट्या राहू द्या, फळ्यावर लिहा. मी मोठ्या झोकात "पाणी" लिहिलं. वर्ग चिडीचूप. "आई" लिहिलं, तरी कोणी हूं की चूं करेना. साहेब माझ्याकडे बघताहेत, मी फळ्याकडे. शेवटी पुढच्या रांगेतली सीता, सात वर्षांची, उठून म्हणाली, "पन गुरुजी, याले हळद कोठी हाय जी?"

झालं होतं ते असं. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची आपली चाल. ती ओली बोटं कागदातून आरपार उतरलेली. दोन ठिपके म्हणजे पाणी, मोठा फराटा म्हणजे आई, कुंकवाचा ओघळ आला की बैल. माझं अक्षर एकाही पोराने पाहिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "क्या कह रही है, मास्टरजी?" मी सांगितलं, पाणी प्यायला जाऊ का म्हणते. मग साहेबांनी एक पाटी उलटून मागचं अर्धं लग्न वाचलं, आणि हसत हसत मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. तेव्हा काळजी नसावी. घरात सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
शालिकराम

ता. क. मुदतीचं वर लिहिलं ते खरं नाही. साहेब हसले, एवढं खरं. कालपासून वर्ग बंद झाला. पोरं पलीकडच्या खोलीत हिंदीत बसतात आणि मला "नमस्ते गुरुजी" म्हणतात. सीता काल पाण्याच्या माठापाशी भेटली, तीही हिंदीतच बोलली. मला वाईट वाटलं.

पुन्हा ता. क. (घनश्याम, हे हळू वाच, आणि वाचून झालं की पत्र आईच्या हातात दे.) बाई, सोबत सोळा नव्या पाट्या पाठवतो आहे. पोस्टातून कोरी कार्डं आणून लिहिल्या, हळदीचा डाग कुठे नाही, तेव्हा चलाखी चालणार नाही. घनश्याम रोज दोन दाखवेल. या वयात काय शिकू, असं म्हणू नकोस; माझ्याकडे आता शिकवायला दुसरं कोणी नाही. घनश्यामच्या अक्षरातली खुशाली मी खूप वाचली. दिवाळीपर्यंत तुझ्या हातचं एक पत्र हवं आहे. एकच शब्द लिही. कोणताही चालेल, चुकला तरी मी वाचून घेईन.