धोंडाईच्या नाल्याकाठचे शेत

मी, उकंडराव किसनराव घुगे, वय ७६, धंदा शेती, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे माझे मृत्युपत्र राहत्या घराच्या ओसरीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केली आहे. मनातले एक ओझे मात्र मला उतरवून ठेवायचे आहे, म्हणून हे लिहिणे लवकर हाती घेतले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मेडशी गावठाणातील राहते घर माझी पत्नी प्रयागबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे राहील. तिच्या मागे ते मुलगा हरीओम याचे. प्रयागबाई जिवंत असताना स्वयंपाकघरात काहीही तोडफोड करू नये. सुनेला ओटा उभा हवा आहे, तो जरूर बांधावा, पण चुलीची जागा सोडून.

कलम २. रस्त्याकडची शेती विहिरीसह हरीओमकडे जाईल. ती तोच कसतो आहे, सोयाबीन-तुरीतले माझ्यापेक्षा त्याला जास्त कळते. बँकेतील ठेव मुलगी रूपाली हिला द्यावी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही मी रूपालीवरच सोपवतो, कारण ती भीड धरत नाही.

कलम ३. आमच्या दोन्ही शेतांना लागून असलेले रामराव दरवर्षी आमच्या धुऱ्यातले, म्हणजे बांधातले, नांगराचे एकेक तास आपल्या वावरात ओढून घेत आले आहेत. मी दोनदा मोजणी आणली, दोनदा त्यांनी खुंट्या उपटल्या. माझ्या पश्चात हरीओमने हे भांडण पुढे चालवू नये. मात्र रामराव माझ्या तेरवीला आले आणि माझे गुण गाऊ लागले, तर त्यांना पहिल्या पंगतीला बसवून लवकर घरी पाठवावे.

कलम ४. धोंडाईच्या नाल्याकाठचे शेत.

हे शेत मला माझे चुलते कै. चंपतराव यांच्याकडून वारसाने मिळाले. त्यांना मूलबाळ नव्हते. ही माझी स्वतंत्र मिळकत आहे, एकत्र कुटुंबाची नाही, म्हणून ती कोणाला द्यावी हे ठरवण्याचा मला अधिकार आहे. हे शेत मी रतनसिंग भवानसिंग ठाकूर, निवृत्त रेल्वे कर्मचारी, राहणार नागपूर, यांना देत आहे. ते माझ्याआधी गेले तर त्यांची मुलगी सायली हिला द्यावे. रतनसिंग यांच्या नावावर काटोलकडे थोडी शेती आहे, तेव्हा ते शेतकरीच आहेत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही, ही हरकत कोणी काढू नये.

ठाकुरांना शेत का, असे लोक विचारतील, म्हणून घडले ते लिहून ठेवतो.

सन १९६७ मध्ये, शिकारीला बंदी येण्यापूर्वी, आमच्या गावात हाका निघाला, म्हणजे ढोल वाजवून रानडुकरे बंदुकांसमोर हाकलायची. रानडुकरांनी ज्वारी पार लोळवली होती. गावात परवान्याच्या तीन बंदुका होत्या: माझे वडील किसनराव, काका चंपतराव आणि भवानसिंग ठाकूर यांच्या. नाल्याच्या वळणावर तिघे तीन ठिकाणी बसले. हाका आला, बार झाला आणि माझ्या वडिलांना गोळी लागली. मी अठरा वर्षांचा होतो. मालेगावला नेताना बैलगाडीतच ते गेले.

काकांनी सांगितले, गोळी भवानसिंगची. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला, खटला झाला नाही. पण गावाने निकाल दिला. ठाकुरांच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू देईनात, त्यांच्या वावरात मजूर जाईनात. गावात ठाकुरांचे ते एकच घर होते. वर्षाच्या आत भवानसिंगांनी नाल्याकाठचे शेत काकांना विकले आणि बायकोमुलांना घेऊन ते नागपूरला गेले. त्यानंतर आमच्या घरात ते नाव कोणी घेतले नाही.

पुढे काकांनीच मला वाढवले. त्यांनी बंदूक पुन्हा हातात धरली नाही. परवाना पीक संरक्षणाकरिता माझ्या नावावर झाला आणि मी तिच्यावर नेम शिकलो. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरे वावरातून हाकलता हाकलता मला त्या कामाचा नादच लागला. माझी नात निकिता एअर रायफल चालवू लागली तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला, आणि २०१८ साली तिच्या स्पर्धेसाठी मी तिच्याबरोबर नागपूरला गेलो.

तिथे रेंजच्या मागे म्हातारे नेमबाज जमायचे. कोणी नातवंडे घेऊन आलेले, कोणी स्वतः वयस्कर गटात उतरलेले. जुन्या शिकारीच्या गोष्टी चालायच्या. त्यात एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याचा नेम चुकला की तो मोठ्याने म्हणे, "काहून गेलं बाप्पा हे बाहेर!" ते वऱ्हाडी ऐकून मी त्याच्याजवळ सरकलो. दोन दिवस आम्ही एका डब्यातून जेवलो. निकिताचा श्वास नेम धरताना अडतो, हे त्यानेच ओळखले आणि तिला तो सोडायला शिकवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लहानपणी पोहायला शिकल्याची गोष्ट सांगत होता आणि बोलता बोलता म्हणाला, "धोंडाईच्या नाल्यात, काळ्या खडकाखाली."

हे नाव नकाशात नाही. आमच्या गावचाच माणूस ते घेईल. मी विचारले, "तुमी मेडशीचे?"

त्याचे डोळे भरून आले. "मेडशीचाच. पन्नास वर्सं झाली, गावचं मानूस भेटलं नवतं मले. तुमी कोनाचे?"

"किसनराव घुग्याचा. अन् तुमी?"

तो एकदम उभा राहिला. डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "भवानसिंग ठाकुराचा. रतन."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. तो हळू आवाजात पुढे बोलला, "उकंडभाऊ, माह्या बापाच्या पायाशी मी बसून होतो त्या दिवशी. दहा वर्साचा होतो, पर समजत होतं. त्याच्या बंदुकीचा बारच झाला नाई. गावात सांगतलं, तं कोनी आयकलं नाई."

मी म्हणालो, "बापाची बाजू पोरगा घेनारच." निकिताला उठवले आणि निघून आलो. त्याने हाक मारली, मी वळलो नाही.

घरी आलो, पण अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी मी एकटाच नाल्यावर गेलो. त्या वळणावर मी आयुष्यभर नांगर धरला, पण शिकाऱ्याच्या नजरेने तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. पंचनाम्यात होते तसे, वडील पळसाखाली नाल्याकडे तोंड करून बसले होते. भवानसिंग समोरच्या काठावर, पण दोघांच्या मध्ये तो काळा खडक येतो. त्या जागेवर मी बसून पाहिले, पळसाचा शेंडा तेवढा दिसतो. आणि गोळी वडिलांच्या डाव्या कुशीत लागली होती. त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली, जखम माझ्या डोळ्यांसमोर आहे. समोरून आलेली गोळी छातीत लागते. डाव्या अंगाला, नाल्याच्या वरच्या बाजूला मोहाचे झाड होते. तिथे माझे काका बसले होते. मधे काहीच आडवे नाही.

मी त्या काठावर खाली बसलो. काकांनी मला शाळेत घातले, माझे लग्न लावले, टायफॉइडमध्ये माझ्या उशाशी रात्री काढल्या. तो माणूस हे मनात ठेवून माझ्यासमोर रोज जेवत होता.

हाक्यात ढोल वाजवणाऱ्याची बायको गोमतीबाई गावात हयात होती. मी तिच्याकडे गेलो. विचारण्याआधीच तिने माझे तोंड पाहिले आणि म्हणाली, "नाल्यावर गेलता वाट्टे. बाबू, माह्या मालकानं पायलं होतं. तुमच्या काकाच्या बंदुकीतून धूर निंगाला. झुडपात हाललं, त्यायले डुक्कर वाटलं. जानून नाई मारलं त्यायनं. मंग घाबरले. आमी तुमच्याच वावरात राबत होतो, कोनाले सांगाव?"

मी त्याच दिवशी रेंजवाल्यांकडून नंबर मिळवून रतनसिंगला फोन केला. काय बोलावे ते ठरवले होते, पण एवढेच बोललो, "रतन, तू खरं सांगत होता. गावाले ये." पलीकडून रडण्याचा आवाज आला.

हनुमान जयंतीला तो आला. सकाळी प्रसादानंतर देवळाच्या ओट्यावर सगळा गाव बसलेला असताना मी उभा राहिलो आणि वर लिहिले ते सांगितले.  मागून एक जण म्हणाला, "मेलेल्या मानसावर कायले घालता, उकंडराव? काका तं बोलाले येत नाई आता." तेव्हा गोमतीबाई काठी टेकत उठली आणि तिने आपल्या नवऱ्याने पाहिलेले सर्वांसमोर सांगितले. मग मात्र म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. प्रयागबाईने देवळासमोरच्या विहिरीचे तांब्याभर पाणी आणून रतनसिंगच्या हातात दिले. तो ते उभ्याने प्यायला नाही. खाली बसला, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश प्यायला. "माह्या मायले इथंच परत धाडलं होतं, रिकामी घागर घेऊन," एवढेच तो बोलला.

शेत परत देण्याची गोष्ट मी काढली तेव्हा त्याने नकार दिला. "मले जमीन नको, भाऊ. बापाचं नाव साफ झालं, तो वरतून पायत असन." हरीओमचाही विरोध होता. तो म्हणाला, "बाबा, मान्य आहे, त्यायनं नाई मारलं. पर शेत तं काकाआबानं इकत घेतलं ना? कागद आहे आपल्यापाशी."

मी त्याला म्हणालो, "ज्याले गावात पानी भरू देत नाईत, त्यानं इकलं म्हनजे काय इकलं? कागद खरा आहे, सौदा खरा नाई."

हरीओमने त्या शेतात घाम गाळला आहे, ते माझे मन जाणते. म्हणून तिथली मोटार आणि पाइप त्याने काढून घ्यावेत, आणि माझ्या मृत्यूनंतरचे उभे पीक त्याचेच राहील. रतनसिंगने नाही म्हटले तरी हे कलम मी बदलणार नाही. घ्यायचे की नाही ते त्याने माझ्यामागे ठरवावे. देणे माझे काम आहे.

कलम ५. बारा बोअरची बंदूक. ही काकांची, त्या दिवशीची. मी तिच्यावर नेम शिकलो, तिने माझी पिके राखली, आणि आता मी तिला हात लावत नाही. ती निकिताला, हरीओमला, कोणालाही मिळू नये. परवाना वारसांनी आपल्या नावावर करू नये. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून कायद्याप्रमाणे नष्ट करण्याचा अर्ज रूपालीने द्यावा. निकिताने आपली एअर रायफल जरूर चालवावी. नेम धरण्यात पाप नाही. झुडपात काय हलते आहे ते पाहिल्याशिवाय घोडा दाबू नये, एवढे तिने मनात ठेवावे.

कलम ६. काका चंपतराव आणि काकू सुंदरबाई यांचा फोटो देवघराशेजारच्या भिंतीवरून काढू नये. हरीओमने रागाच्या भरात तो एकदा उतरवला होता, मी परत लावला. त्या माणसाने मला बापाविना केले आणि बापाची माया दिली. दोन्ही खरे आहे. त्यांना शिक्षा देण्याचा अधिकार मी कोणाला दिलेला नाही. त्यांचे श्राद्ध माझ्या वडिलांच्या श्राद्धासोबत घालावे, मी घालत आलो तसेच.

कलम ७. माझे दहन गावच्या स्मशानात व्हावे. रतनसिंग पोचेपर्यंत थांबावे. नागपूरहून त्याला वेळ लागेल. घाई करणारे करतील, त्यांचे ऐकू नये. खांदा हरीओमच्या बरोबरीने त्याने द्यावा, अशी माझी इच्छा आहे.

वरील मजकुराचा कच्चा कागद मी गेल्या आठवड्यात घरातल्या सर्वांना वाचून दाखवला. हरीओम उठून गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. काल रतनसिंग मला पाहायला आला होता. दुपारी ओसरीत पडलो असताना हरीओमने मोटारसायकल काढलेली ऐकली. मला वाटले, रागाने मालेगावला चालला. पण तो रतनसिंगला मागे बसवून नाल्याकडे गेला. दोघे परत आले तेव्हा पायांना चिखल होता. काय केले, असे मी विचारले. हरीओम पाय धुवायला गेला. रतनसिंग म्हणाला, "पोरानं चारी कोपरे फिरवून दाखवले. म्हने, काका, तुमचा धुरा हा इथून असा जाते, रामरावाले सरकू देऊ नका."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करीत आहे. रतनसिंगलाही साक्षीदार करावे असे मनात होते, पण ज्याला मिळायचे त्याने साक्षीला नसलेले बरे, असे वकिलांनी सांगितले. या कागदातील शब्दाबद्दल कोणाला शंका आली, तर त्याने कोर्टात जाण्याआधी एकदा नाल्यावर जाऊन पळसाखाली बसून पाहावे.

मृत्युपत्र करणार: उकंडराव किसनराव घुगे (सही)

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. संगीता वामनराव तायडे, निवृत्त शिक्षिका, मेडशी (सही)

२. मुकेश गजाननराव लांडगे, बियाणे दुकानदार, मालेगाव (सही)

ठिकाण: मेडशी

दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५